उजवीकडची खुर्ची

"काका, चेहरा कोरा ठेवा. तुम्ही माणूस नाही, माध्यम आहात," कलाकार बाईंनी माइक पुढे सरकवत सांगितलं.

दुभाष्याला त्यात नवीन काही नव्हतं. इस्पितळातले डॉक्टरही उभी हयात हेच सुचवत, फक्त 'काका' न म्हणता. तिथला नियम साधा होता: कानावर पडेल ते पलीकडे पोचवायचं, पदरचं काही घालायचं नाही, उत्तर तर कधीच द्यायचं नाही. उजवीकडे रोगी बसे. त्याच्याकडे वळून प्रश्न सांगायचा आणि थांबायचं. पुढे त्याची भाषा बोलणारे रोगीच संपले. थोडे बरे होऊन, बाकीचे रीतसर. ती बोलणारी घरी बायको तेवढी उरली होती. गेल्या वर्षी तीही गेली.

कलादालनातला खेळ असा: प्रेक्षकाने माइकवर वाक्य बोलायचं, दुभाष्याने ते आपल्या भाषेत सांगायचं. उजवीकडची खुर्ची रिकामी. ज्याला भाषा कळेल त्याने तिथे बसून उत्तर द्यावं, अशी पाटी होती. महिनाभर कुणी बसलं नाही, म्हणून बाई प्रयोगावर खूश होत्या. दुभाषी मात्र रोज इस्त्रीचा सदरा घालून येई. न जाणो.

"माझं आजीवर फार प्रेम होतं," कुणी म्हणे. "स्वच्छतागृह कुठेय?" दुसरा विचारी. तो दोन्ही सारख्याच गांभीर्याने सांगे. टाळ्याही सारख्याच पडत.

शेवटच्या दिवशी रांगेतून त्याची मुलगी पुढे आली. शाळेत अडायला नको म्हणून तिला ती भाषा शिकवलीच नव्हती.

"बाबा, घरी विचारलं की तुम्ही उठून भांडी घासायला घेता. म्हणून इथे विचारते. आई शेवटी काय म्हणाली? मी उशाशीच होते, पण मला अक्षरही कळलं नाही."

दुभाष्याची मान सवयीने उजवीकडे वळली. तिचा प्रश्न त्याने रिकाम्या खुर्चीला जसाच्या तसा सांगितला, भांड्यांसकट. मग थांबला.

मुलगी डोळे मिटून ऐकत होती. तिला ते उत्तरच वाटलं.

"एवढं सगळं बोलली?" तिने डोळे पुसले. "परत एकदा सांगा ना."

हेही त्याने खुर्चीला सांगितलं.

टाळ्या पडल्या. माणसं पांगली. शिपाई खुर्च्या उचलत उजवीकडे आला, तेव्हा घाईतल्या डॉक्टरांना करायचा तसा दुभाष्याने हात आडवा केला.

"थांबा जरा. त्यांचं बोलणं व्हायचंय अजून."