तिसरं ॲप

माझा मुलगा राजरत्न पुण्याहून फोनवर म्हणाला, "आबा, कामांची यादी ठेवायला एखादं ॲप घ्या. कॉम्प्युटरवर लिहिलं की मोबाइलवर दिसलं पाहिजे, एवढं बघा." कवठे महांकाळच्या कचेरीत मी तीस वर्षं टपाल सांभाळलं, आणि हा मला यादी शिकवतो.

तरी तीन ॲपं बघितली. पहिल्यात सकाळी कॉम्प्युटरवर लिहिलेलं मोबाइलवर संध्याकाळी उगवायचं. दुसरं एकदा वाजायचं आणि गप्प बसायचं. तिसरं मात्र काम झाल्याची खूण करेपर्यंत दर दहा मिनिटांनी वाजायचं.

"ते लय डोकं खातंय आबा, दुसरं ठेवा," राजरत्न म्हणाला.

मी तिसरं ठेवलं.

कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत आहे. मोबाइल नेऊन स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवला. माझी बायको आक्काताई तिथूनच हाक मारायची. दिवाळीनंतर ती गेली. चाळीस वर्षांत तिनं माझं नाव कधी घेतलं नाही, म्हणून पहिलं काम मी तिच्यासारखंच लिहिलं: "आवं, गोळी घेतली का?"

सकाळी नऊला मोबाइल वाजला. मी आत गेलो, स्क्रीनवरचं वाचलं, पाण्याबरोबर गोळी घेतली आणि बाहेर येऊन खुर्चीत बसलो.

दहा मिनिटांनी आतून पुन्हा आवाज आला.

"घेतली गं," मी बसल्या जागेवरून म्हणालो.

खूण मात्र केली नाही.