दोन वेटोळ्यांचा सबवूफर

मित्रांनो, आईच्या पलंगाशेजारी ही काळी पेटी दिसते ना, जिच्यावर औषधाच्या बाटल्या ठेवल्यात? तो मी. एका जुन्या गाडीचा सबवूफर. गाण्यातले शब्द मला जमत नाहीत, सूरही नाहीत. गाण्याखालची घनगंभीर धडधड तेवढी माझी.

माझ्या पोटात तांब्याच्या तारेची दोन वेटोळी आहेत. दोन्ही मिळून माझा पडदा पुढे ढकलतात, मागे ओढतात. त्यातूनच माझा आवाज होतो.

आईला दोन मुलगे. थोरल्याने मला गाडीत बसवलं ते आईसाठी. आईला ऐकू येत नाही. वडील मात्र आयुष्यभर देवाच्या गोष्टी गाऊन सांगत आले, आणि गाताना स्वतःच ढोलावर ठेका धरत. ते गेले, मागे त्यांचं एक ध्वनिमुद्रण राहिलं. गाडीत ते लावलं की मागच्या सीटवर बसून आई हात मागे टाकून माझ्यावर ठेवी. पण थोरल्याचा अँप्लिफायर, म्हणजे मला ताकद पुरवणारा डबा, एकटा पुरेना. आई म्हणे, "मुंग्या आल्यासारखं वाटतं रे नुसतं."

मग धाकट्याने तसाच दुसरा अँप्लिफायर आणला. वायरिंगवाल्याने एकेका वेटोळ्याला एकेक जोडून दिला. थोरल्याला जवळ बोलावून तांबडी तार कुठे, काळी कुठे ते दाखवलं आणि म्हणाला, "दोघांनी एकाच वेळी ढकलायला हवं, साहेब. उलटसुलट झालं तर आपापसातच मरतील."

त्या दिवशी ढोल वाजला आणि आईचा तळहात माझ्यावर उडू लागला. "हे आले बघा! ठेका धरलाय ह्यांनी!" ती हसत होती, डोळे पुसत होती. मित्रांनो, देवाने मला घडवलं ते याचसाठी, असं मला वाटलं.

पण शेजारी म्हणू लागले, "धाकट्याने गाडीत जीव आणला हो!" थोरल्याला ते लागलं. एकदा शब्दाला शब्द वाढला आणि तो बोलून गेला, "निम्मा आवाज तुझा ना? मग निम्मी आई पण घेऊन जा!"

धाकट्याने तिथल्या तिथे तारा उपसल्या आणि आपला अँप्लिफायर काखेत मारून निघून गेला.

आई रोज विचारी, "हे इतक्या लांबून का गातायत?" शेवटी तिच्यासाठी धाकटा परत आला. वायरिंगवाल्याला न बोलावता स्वतःच तारा जोडू लागला. घाईत तांबडीच्या जागी काळी गेली. थोरला शेजारीच उभा होता, मोबाइलवर बोट फिरवत. त्याला दिसलं की नाही, देव जाणे.

ढोल सुरू झाला. एक वेटोळं मला पुढे ढकलू लागलं, दुसरं त्याच वेळी मागे ओढू लागलं. मी जागचा हललो नाही.

"दादा, तुझा डबा मेलाय."

"माझा? आधी तुझ्या डब्याला खाऊ घाल!"

दोघांनी आपापल्या डब्यावरचा आवाज वाढवायचा स्क्रू पिळला. ताकद दुप्पट झाली, तरी मी गप्पच. पडदा हलला असता तर वेटोळ्यांना वारं तरी लागलं असतं. आत नुसती धग साठत गेली. आईचा तळहात माझ्यावरच होता.

"हे आज गात का नाहीत रे?" तिने विचारलं. मग तिलाच जळका वास आला. "अरे, काय जळतंय?"

माझी दोन्ही वेटोळी जळून एकमेकांना चिकटली होती.

पुढे गाडी विकली. भाऊ बोलेनासे झाले. एकाने नवा सबवूफर आणायचा म्हटलं की दुसऱ्याला ते खपेना, म्हणून कोणीच आणला नाही. मला मात्र आईने टाकू दिलं नाही.

मित्रांनो, दोघे मिळून एखादं ओझं ढकलत असाल, तर जोर वाढवण्याआधी एकदा शेजारच्याकडे बघा. तो कोणत्या बाजूला ढकलतोय ते विचारा. विचारायला लाज वाटू देऊ नका. मी आतून ओरडूनही सांगू शकलो नाही.

आजही आई माझ्यावर हात ठेवून बसते. रस्त्यावरून एखादा जड ट्रक गेला की जमीन थरथरते, तिच्याबरोबर माझी पेटीही. मग ती दारात उभ्या असलेल्या थोरल्याकडे वळून हसते.

"ऐकलंस? हे आले."

तो मान हलवतो, आणि तिथून निघून जातो.