सरदारची घंटी

“देऊ नको रे बाबा, देऊ नको,” दैवशाला मोबाइलला विनवत होती. बटण मात्र तीच दाबत होती, कारण पडद्यावर दुसरं बटणच नव्हतं.

मोबाइलमधल्या युवराजाने आपल्या पांढऱ्या घोड्याच्या मानेवरून एकदा हात फिरवला आणि त्याला काळ्या दिव्यासमोर उभं केलं. ज्योत भपकन वाढली, घोडा नाहीसा झाला. गावावर चढून आलेलं धुकं मागे सरलं. गावकऱ्यांनी जयजयकार केला आणि युवराजाची सावली, जी आत्तापर्यंत साधी माणसासारखी होती, ती हातभर लांब झाली.

“मुडद्या!” ती म्हणाली आणि मोबाइल घोंगडीवर आपटला.

भर दुपार होती. पेडगावच्या दिनकररावांच्या रानात खतासाठी बसवलेली मेंढरं लिंबाच्या सावलीत, एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून उभी होती. अशा वेळी मेंढक्याला दोनच कामं असतात, झोपणं किंवा कुणावर तरी चिडणं. दैवशालाला सध्या झोप येत नव्हती.

हा खेळ तिच्या मोबाइलमध्ये नवऱ्याने, मल्हारनेच टाकला होता, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात. ‘काळदीप’ त्याचं नाव. दोघं एका घोंगडीवर बसून खेळायची. डोंगरातल्या एका राज्याचा युवराज, खोऱ्यातल्या एकेका माणसाला नावाने ओळखणारा. म्हातारीचं पाणी भरून देणारा, आपल्या वाटची भाकरी पहारेकऱ्याला देणारा. मल्हारला तो फार आवडायचा. “ह्यो आपल्यातला वाटतो गं,” असं म्हणायचा. दैवशालाला त्यात नवल वाटत नसे. त्यांच्या मेंढ्या एकदा पहाटे एका शेतकऱ्याच्या हरभऱ्यात शिरल्या होत्या. पाहिलं कुणीच नव्हतं, पण मल्हार आपण होऊन त्या शेतकऱ्याच्या दारात जाऊन उभा राहिला होता. तेव्हापासून या पट्ट्यातले लोक दुसऱ्यांना सोडून यांच्या मेंढ्या आधी बोलावत. तिला नवऱ्याचा अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

पुढे मल्हारने खेळ सोडला. दैवशालाने शेवटपर्यंत नेला आणि शेवट पाहून तिचं डोकंच फिरलं. खोऱ्यावर संकट येत राहतं, युवराज दिवा पेटवत राहतो आणि दरवेळी दिव्याला काहीतरी द्यावं लागतं. आधी घोडा. मग लहानपणापासूनचा मित्र. मग बहिणीचा आवाज. दरवेळी गाव वाचतं, दरवेळी सावली लांबते. शेवटी तो किल्ल्यात एकटा बसून राहतो, नुसता काळोख, आणि ज्यांना त्याने वाचवलं तेच लोक त्याचं नाव निघालं की दारं लावून घेतात. असल्या सोन्यासारख्या माणसाची अशी माती करायची म्हणजे काय?

पेडगावच्या स्टँडवर मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या सिद्धोधनला तिने हे विचारलंही होतं. चार्जिंगची पिन बदलता बदलता तो हसला होता.

“वैनी, दुसऱ्या भागात त्योच राक्षस हाय. त्याला बिघडवल्याबिगर कंपनीचा दुसरा भाग कसा निघंल?”

“पण एखांदी दुसरी वाट आसंल की.”

“मला तर न्हाई घावली. तुमी बघा हुडकून.”

म्हणून ती हुडकत होती. पुन्हा पहिल्यापासून खेळत होती. घोडा द्यायच्या आधी गावात फिरून एकेका माणसावर बोट ठेवत होती. विहिरीवरची म्हातारी, कुंभार, वेशीवरचा पहारेकरी. कुणीतरी एकजण ‘थांब’ म्हणेल, अशी तिची आशा होती. पण सगळे हात जोडून एकच वाक्य म्हणत. “आप ही हमारे रक्षक हैं, युवराज.” म्हातारीही तेच, कुंभारही तेच. तिला आता युवराजापेक्षा या गावकऱ्यांचाच जास्त संताप यायला लागला होता. फुकटे मेले! स्वतःचा जीव वाचतोय ना, मग घोडा जाईना का.

आणि असा संताप करता करता तिला सरदारची आठवण यायची, आणि तिचा हात थांबायचा.

सरदार हा देवाचा मेंढा. मल्हारचा बाप उमाजी याने तो कोकरू असताना खंडोबाच्या नावाने सोडलेला. कपाळाला भंडारा, गळ्यात काशाची घंटी. देवाचा मेंढा विकायचा नसतो, कापायचा नसतो. तो म्हातारा होऊन आपल्या मरणाने मरतो आणि मग त्याच्या गळ्यातली घंटी दुसऱ्या कोकराच्या गळ्यात जाते. ती घंटी उमाजीच्या आज्यापासून अशीच गळ्यागळ्यातून चालत आलेली. पुढे ती वाजायची आणि मागे अख्खा कळप चालायचा.

मल्हार घसरला तो एकदम नाही. गेल्या साली दैवशालाचं पहिलं बाळंतपण रानातच आलं. दवाखाना लांब, गाडी वेळेवर मिळाली नाही, आणि बाळ राहिलं नाही. मल्हार तेव्हा रडला नाही. “पुढच्या टायमाला तुला रानात ठिवणार न्हाई,” एवढंच म्हणाला. यंदा पुन्हा दिवस गेले तशी त्याने मानवतला खोली बघितली, अडतीवर हमालीचं कामही बघितलं. बापाला हे काही सांगितलं नाही. बापाचं म्हणणं ठरलेलं, की मेंढरं सोडून धनगर कसला. मग मल्हारने आधी चार कोकरं विकली आणि बापाला सांगितलं, पोट फुगून मेली. मग दोन दुभत्या मेंढ्या गेल्या, त्या म्हणे चोरांनी नेल्या. दैवशालाला सगळं ठाऊक होतं. ती गप्प बसली. जे चाललं होतं ते तिच्याच पोटासाठी चाललं होतं.

गेल्या मंगळवारी उमाजी गावात दाढी करायला गेला होता. तेवढ्यात व्यापाऱ्याची पिकअप बांधाला येऊन लागली. व्यापाऱ्याला सरदारच हवा होता. धिप्पाड मेंढा, कुठेतरी टक्करीला लावायला. मल्हारने त्याला शिंगाला धरून ओढत नेला. दैवशाला चुलीपाशी उभी राहून बघत होती. ‘नका देऊ’ हे शब्द तिच्या घशात तयार होते, पण मल्हारने एकदा तिच्या पोटाकडे बघितलं आणि ती पीठ मळायला खाली बसली. गाडी सुटली तेव्हा घंटीचा आवाज आला. ती काढून घ्यायची राहूनच गेली होती. डांबरी रस्त्याला लागेपर्यंत आवाज येत होता, नंतर नाही.

सांजच्याला मल्हार बापासमोर उभा राहिला.

“आबा, सरदार गेला. वढ्याकडं लांडग्यानं धरला.”

उमाजीने कमरेची पिशवी सोडून चिमूटभर भंडारा कपाळाला लावला.

“देवाचा व्हता, देवानं नेला,” तो म्हणाला. “घंटी आन.”

“घंटी?”

“लांडगा घंटी खातो व्हय रं? पडली आसंल तिथंच. आन, त्या कपाळपांढऱ्या कोकराला बांधू.”

“उद्या बघतो,” मल्हार म्हणाला.

त्याने बघितली नाही, बघणार तरी कुठे? मग म्हाताराच उठला. तेव्हापासून रोज सकाळी मेंढरं चरायला लागली की तो ओढ्याच्या काठाला जायचा. दिसायचं कमी, त्यामुळे कमरेत वाकून, काठीने एकेक झुडूप बाजूला करत चालायचा. उन्हं तापली की परत यायचा, पाणी प्यायचा आणि पुन्हा जायचा. मल्हार लांब बाभळीखाली उभा राहून बघायचा आणि मान फिरवायचा.

दैवशालाने काल नवऱ्याला गाठलं होतं.

“सांगा की त्यांला. उन्हानं मरंल म्हातारा माणूस.”

“काय सांगू?”

“खरं काय ते.”

“तुझ्यासाठी इकला म्हणून सांगू? तुझं नाव घिऊ?” मल्हार कधी नाही तो ओरडला. “खामखा डोकं खाऊ नको. दोन दिवस हुडकंल आन् बसंल गप.”

‘तुझ्यासाठी’ हा शब्द त्याने असा पुढे केला होता, की त्याच्यावर रागावणं म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजण्यासारखं झालं असतं. आणि राग तर आतून उकळत होता. पूर्वी हाच माणूस तिच्याकडे बघून बोलायचा, आता बोलताना मेंढरांकडे बघायचा. तिच्यासाठी म्हणून त्याने काय काय दिलं होतं, आणि त्यातलं तिने मागितलं काहीच नव्हतं. पण नको असंही ती एकदाही म्हणाली नव्हती.

आज पुन्हा तेच. मोबाइल आपटून झाल्यावर तिने तो उचलला, खेळ जतन केलेल्या जागेवर मागे नेला आणि युवराज पुन्हा घोड्यापाशी आणून उभा केला. पुन्हा एकदा गावातून फिरली. विहिरीवरच्या म्हातारीवर बोट ठेवलं.

“आप ही हमारे रक्षक हैं, युवराज.”

“आगं थोबाड फुटलं व्हय तुजं?” दैवशाला तिच्यावर खेकसली. “त्याला थांब म्हण की! एकदा म्हणून तर बघ!”

म्हातारी हात जोडून उभीच राहिली. तिच्याकडे बघता बघता दैवशालाला मंगळवारची चूल दिसली, पिठाची परात दिसली, आणि तिला स्वतःची फार लाज वाटली. पडद्यावर ते एकच बटण लुकलुकत होतं. तिने ते दाबलं नाही. मोबाइल तसाच घोंगडीवर ठेवला, पाण्याची बाटली घेतली आणि पोट सावरत ओढ्याकडे निघाली.

उमाजी करवंदीच्या जाळीत काठी घालून बघत होता. धोतराला कुसळं चिकटली होती, मनगटावर ओरखडे होते.

“मामा, पाणी घ्या.”

तो सावकाश सरळ झाला, पाणी प्यायला.

“मामा,” ती म्हणाली. “घंटी हितं न्हाई. लांडगा आलाच न्हाई, मामा. सरदार इकला त्यांनी. माझ्या दवाखान्यासाठी, मानवतच्या खोलीसाठी. म्या बघत व्हते. म्या गपच बसले.”

म्हाताऱ्याने बाटलीचं झाकण लावलं, नीट पिळून लावलं.

“ठावं हाय मला, पोरी.”

“काय?”

“बांधावर चाकाच्या खुणा व्हत्या. डोळे कमी झाले म्हणून चाचपाया येत न्हाई का मला? लांडगा गाडीत बसून येतो व्हय?” तो किंचित हसला, पण ते हसू टिकलं नाही. “कोकरं मेली म्हणला तवाबी ठावं व्हतं. मेलेल्या कोकराचं कातडं तरी दिसंल का न्हाई?”

दैवशालाचा संतापच झाला. “मग कामून हिंडायलाव उन्हातान्हात? ठावं हाय तर हुडकायलाव कशाला?”

उमाजीने काठी वर करून बाभळीकडे दाखवलं. तिथे मल्हार उभा होता, पाठमोरा.

“त्यो बघायलाय ना तिथून. रोज बघतो. बाप असा वाकून हिंडायलाय म्हणल्यावर कवातरी यिऊन म्हणंल, आबा, थांबा.” त्याने धोतराचं एक कुसळ काढलं. “इचारलं आसतं, तर आजून एक लबाडी केली आसती त्यानं. लय झाल्यात. म्हणून इचारत न्हाई. मेंढा गेला तर जाऊ दे, लेकरासाठी गेला, देव काय समजून घ्यायचा न्हाई व्हय? पर माझं पोरगं आसं नव्हतं, दैवशाला. हरभरा खाल्ला म्हणून सोता सांगाया जाणारं पोरगं व्हतं ते.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पदराने पुसलंही नाही. ती बाभळीकडे वळली आणि पोटातून ओरडली.

“आवो! या इकडं! आबा बलवायलेत!”

मल्हारने ऐकलं. मान वळवली, काठी या हातातून त्या हातात घेतली आणि तिथेच उभा राहिला.

उमाजी पुन्हा वाकला. काठीने पुढचं झुडूप बाजूला केलं, त्याखालची माती हाताने चाचपली, आणि पुढच्या झुडपाकडे सरकला. दैवशाला थोडा वेळ बघत राहिली. मग तिने साडीचा पदर कमरेला खोचला, एक हात पोटाला लावला आणि तीही खाली वाकली.

“तू नको वाकू, पोरी. सातवा हाय तुला.”

“वाकते, मामा. तुमी तिकडची बाजू बघा, म्या हिकडची बघते.”

ऊन कलायला लागलं होतं. ओढ्याच्या काठाने दोघं वाकून शोधत पुढे पुढे जात होती, आणि बाभळीखाली उभ्या असलेल्या माणसाला आता मान फिरवता येत नव्हती. लिंबाखालची मेंढरं उठून चरायला निघाली. पुढे कुणी चालायचं ते त्यांना कळेना, म्हणून ती जिथल्या तिथेच घोटाळत राहिली.