एकशे आठ नमस्कारांची नवरी

लग्नाला एक दिवस उरला असताना सोकांच्या घरची नवरी आजारी पडली, आणि दुपारपर्यंत घरातल्या मांजरालाही कळलं की या आजाराचं नाव दोल्मे आहे.

दोल्मे म्हणजे नवरदेव. खालच्या दरीत कागद करणाऱ्या म्हाताऱ्याचा पोरगा, तोही पाळलेला. एका पुरात या कागदवाल्याने सोक मालकांच्या वडिलांना पाठीवर घेऊन नदी पार केली होती, आणि पलीकडे पाय टेकताच वडिलांनी भावनेच्या भरात त्याच्या पोराला नात देऊन टाकली होती. वडील वर गेले, शब्द खाली राहिला. तो मोडावा तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. पाळावा तर मालकांची लेक, नवरी चेयोनताई, विहीर जवळ करणार. तसं तिने तीनदा जाहीर केलं होतं, तिन्ही वेळा पोटभर जेवून झाल्यावर.

शेवटी मालकीणबाई स्वयंपाकघरात आल्या. मोलकरीण ओल्मी कोबीला मीठ चोळत बसली होती. तिच्याकडे त्यांनी बाजारात म्हैस पाहावी तसं पाहिलं.

"उंची जमते," त्या म्हणाल्या. "पण रुंदी?"

"रुंदी झग्यात मावेल, बाईसाहेब," सुनबोककाकू चुलीजवळून म्हणाली. "त्या झग्यात मी मावले होते."

"ऐक ओल्मी, तू उभं राहायचंस. चेयोनच्या नावाने. चेहऱ्यापुढे बाह्या, डोळे खाली, बोलायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. एकदा दरीत पोचलीस की तू जाण नि तुझा नवरा जाणे."

ओल्मीने नाही म्हणायला हवं होतं. सात वर्षं दर पौर्णिमेला ती डोंगरावरच्या देवळात म्हाताऱ्या इल्दाम भिक्षूंचं प्रवचन ऐकत आली होती. लाकडी टोल्यांच्या तालावर भिक्षू गात, मधेच थांबून गोष्ट सांगत, पुन्हा गात, आणि ध्रुपदाला सगळ्यांत मोठा आवाज ओल्मीचा असे. खोटं बोलणाऱ्याची जीभ नरकात ओढून पसरतात आणि तिच्यावर बैलांचा नांगर चालवतात, हे तिला चालीसकट पाठ होतं. तेव्हा ती "नाही" म्हणाली. पण इतक्या हळू, की ते तिचं तिलाही ऐकू आलं नाही.

कारण देवळात तिसऱ्या खांबाशी दोल्मे बसायचा. गेली दोन वर्षं ओल्मी प्रवचन एकाच कानाने ऐकत होती, आणि तिची भक्ती पाहून गावातल्या बायका आपल्या मुलींना तिचं उदाहरण देत होत्या. या दोन वर्षांत तो तिच्याशी एकच वाक्य बोलला होता: "हा जोडा तुमचा का?" जोडा तिचा नव्हता. ती "हो" म्हणाली. मग कुणा म्हातारीचे गवताचे जोडे घालून ती डोंगर उतरली, आणि ते परत करायला दुसऱ्या दिवशी पुन्हा चढली.

"रडतेयस का गं?" मालकीणबाई गेल्यावर काकूने विचारलं.

"माझ्यावर बळजबरी झाली, काकू."

"झाली खरी. ओठ मीट आधी. कानापर्यंत गेलेत."

रात्रभर काकूने तिच्याकडून नमस्कार घोटून घेतले. अवघड काही नव्हतं. जिवंत माणसाला एक नमस्कार, मेलेल्याला दोन. लग्नात नवरीने दोन घालून थांबायचं, नवरदेव एक परत करतो. मग नवरीचे पुन्हा दोन, त्याचा पुन्हा एक. झालं लग्न.

"मधे थांबायचं," काकूने दहादा बजावलं. "सलग चार गेले तर घरादाराच्या माना जातील."

हेही कुणाला सांगावं लागत नसे. सलग चार नमस्कार फक्त राजाला. खऱ्या राजरक्तासमोर असे चार पडले की जवळचं कोरीव लाकूड जागं होतं. जुन्या राजांच्या वेळी सिंहासनावरचे पक्षी दरबार भरताच पंख झटकायचे म्हणे. आताच्या राजाने वीस वर्षांपूर्वी भावाला मारून गादी घेतली, त्या दिवसापासून ते पक्षी गप्प होते. रोगण जाड बसलंय, असं दरबाराने कळवलं होतं. भावाचं तान्हं पोर त्या रात्री कुणीतरी पळवलं होतं, आणि प्रत्येक लग्नात नवरदेव लाकडी हंस घेऊन येत असल्यामुळे प्रत्येक लग्नात एक सरकारी अंमलदार जेवायला येत होता.

सोकांच्या अंगणात आलेला अंमलदार शेवयांच्या तिसऱ्या वाडग्यावर होता. दोल्मेने लाल कापडात गुंडाळलेला हंस आणून मेजावर ठेवला. ओल्मी काकूच्या हाताच्या आधाराने समोर उभी राहिली. गालांवर लाल टिकल्या, डोक्यावर सुनबोककाकूइतक्याच वजनाचा केसांचा टोप, चेहऱ्यापुढे लांब पांढऱ्या बाह्या. बाह्यांच्या फटीतून तिला त्याचे हात दिसले. कागदाच्या लगद्यात बुडून पांढरे पडलेले, नखांपर्यंत स्वच्छ.

धीर यावा म्हणून तिने मनातल्या मनात इल्दाम भिक्षूंचं पद धरलं. पद चार टोल्यांचं होतं.

पहिल्या टोल्याला ती वाकली. दुसऱ्याला वाकली. आता थांबायचं, हे तिला ठाऊक होतं. पण आयुष्यात ओल्मीने कधी पद अर्ध्यावर सोडलं नव्हतं, आणि हा गुण अंगलट यायला तिला हाच मुहूर्त सापडला. काकूने दंड असा चिमटला की रक्त साकळलं. तोवर तिसरा झाला होता, आणि चौथा आपोआप झाला.

मान वर करताना तिला हंस दिसला. त्याने मान वळवली होती. रंगवलेला डोळा मिटून उघडला, लाकडी पंख चुरचुरला, आणि त्याने दोल्मेकडे असं पाहिलं, जसं कुत्रं गावाहून परतलेल्या धन्याकडे पाहतं.

दोल्मेचा चेहरा त्याच्या कागदासारखा झाला. त्याला माहीत होतं. तो कोण आहे हे त्याला आधीपासून माहीत होतं. त्याची नजर कुंपणाकडे गेली, तिथे दोन भालेवाले उभे होते.

"काय वाजलं?" अंमलदाराने वाडग्यातून तोंड काढलं. "ए, हंस हलला का? नवरीने किती घातले आत्ता?"

सोक मालक तोंड उघडून उभे होते. ओल्मीच्या डोक्यात दोनच गोष्टी एकदम आल्या. एक, याला आता धरतील आणि मारतील, तेही माझ्यामुळे. दुसरी, फारच मूर्खपणाची होती, पण आली ती आली: अरे देवा, देवळात दोन वर्षं मी खांबाकडे नाही, राजाकडे बघत होते.

मग तिने पाचवा नमस्कार घातला.

चाराचे पाच होताच हंस पुन्हा ठोकळा झाला. ती थांबली नाही. सहावा, सातवा, आठवा.

"थांबवा तिला!" अंमलदार ओरडला. "पहिल्यापासून घाला, नीट मोजून!"

"सरकार, कसं थांबवू?" काकू ओरडली. तिला हंसाचं काहीच कळलं नव्हतं, पण पोरीने पाण्यात उडी घेतली की दोर टाकायचा एवढं तिला कळत होतं. "एकशे आठचा नवस आहे तिचा! सुरू झाल्यावर जो मोडेल त्याच्या आईला पुढल्या जन्मी गोगलगाय व्हावं लागतं."

अंमलदाराची आईसुद्धा कुठल्यातरी देवळात जात असावी. तो गुरगुरला, खाली बसला आणि मोजू लागला.

तिसाव्याला ओल्मीच्या गालावरची एक टिकली घामाने हनुवटीवर आली. चाळिसाव्याला टोप कलला. पन्नासाव्याला पांढऱ्या बाह्या पायात अडकून फाटल्या, आणि तिला स्पष्ट कळलं की आपण काय करतोय. सोकांची चेयोनताई आयुष्यात कुणापुढे दोनदा वाकली नव्हती. देवळात एकशे आठ घालणारी या गावात एकच होती. इथे थांबलं तर कदाचित अजूनही बाह्या सावरून दरीत जाता येईल. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते दाराशी आलंय, आणि आपण एकेक नमस्काराने त्याला घालवतोय. पण थांबलं तर अंमलदार पुन्हा चार घालायला लावेल.

बिचारे बैल, तिला वाटलं. तिच्या जिभेसाठी नांगराला जुंपून ठेवलं होतं त्यांना, आणि आता खोटंच फुटत चाललं होतं.

एकावन्न.

"अगं बाई," साठाव्याच्या सुमाराला मागून आवाज आला, "ही तर ओल्मी! स्वयंपाकघरातली!"

"मी केव्हाच ओळखलं, उठताना कण्हण्यावरून."

"मग चेयोन कुठाय?"

माडीवरची एक खिडकी घाईने बंद झाली. मालकीणबाई खाली बसल्या. लोक हसायला लागले, मग त्यांनाही चव आली आणि सगळं अंगण मोठ्याने मोजू लागलं. एकशे आठव्याला ओल्मी वाकली ती वाकलीच. टोप निखळून गडगडत अंमलदाराच्या वाडग्याशी गेला.

अंमलदार हसून हसून लाल झाला होता. "म्हणजे हंस हलला नाही, या बाईच्या धडपडीने मेज हललं होय! सोक, शाबास. मुलगी म्हणून मोलकरीण देता?" मग तो दोल्मेकडे वळला. हसत होता तरी डोळे बारीक होते. "ऐक रे पोरा. तू अजून नमस्कार परत केला नाहीस, म्हणजे लग्न लागलं नाही. ही फसवणूक आहे. उठ आणि घरी जा. मी स्वतः तुझ्या बाजूने लिहून देतो."

दोल्मे उठला. ओल्मी जमिनीवर बसून त्याच्याकडे पाहत होती, दातांवर धूळ, हनुवटीवर टिकली. बाह्या नव्हत्या, आड लपायला काही नव्हतं. त्याने एकदा कुंपणाकडे पाहिलं, भालेवाले बाजूला झाले होते आणि वाट मोकळी होती.

"नवरीच्या दोन नमस्कारांना नवऱ्याचा एक," तो म्हणाला. "हाच नेम ना?"

"हाच," अंमलदार म्हणाला.

"म्हणजे चोपन्न." आणि तो गुडघ्यांवर आला.

दहाव्याला अंमलदाराचे डोळे पुन्हा गोल झाले. विसाव्याला त्याने चौथा वाडगा मागवला. फाटक्या बाह्यांच्या मोलकरणीपुढे चोपन्न वेळा कपाळ टेकणारा माणूस काहीही असेल, राजाचा वंश नक्कीच नव्हता. तसं त्याने तिथल्या तिथे लिहूनही टाकलं. दोल्मे मात्र कुणाला दाखवण्यासाठी वाकत नव्हता. प्रत्येक वेळी उठताना तो थेट तिच्याकडे पाहत होता, आणि ओल्मीला ते सोसेना म्हणून ती मोठ्याने मोजू लागली.

"एकतीस. बत्तीस. अहो, कपाळ टेकलं नाही, हा धरणार नाही मी."

"टेकलं होतं."

"धूळ कुठाय मग?"

त्याने बत्तिसावा पुन्हा घातला.

संध्याकाळी ते दरीची वाट उतरत होते. ओल्मीला चालवत नव्हतं, म्हणून ती कागदाचे गठ्ठे वाहणाऱ्या गाढवावर बसली होती. दोल्मे लगाम धरून पुढे लंगडत होता.

"मी चेयोन नाही हे तुम्हाला कधी कळलं?" तिने विचारलं.

"पहिल्या नमस्काराला. देवळात तू वाकतेस तेव्हा डावा गुडघा आधी टेकतेस."

"तुम्ही बघायचात?"

"नाहीतर म्हातारीचा जोडा उचलून तुला कशाला विचारलं असतं? तो तुझा नाही हे दिसतच होतं. मला बोलायला दुसरं काही सुचलं नाही."

ओल्मीने गाढवाच्या मानेत तोंड लपवलं. गाढव थांबलं.

"चौथ्याला काय पाहिलंस?" त्याने न वळता, हलक्या आवाजात विचारलं.

"काही नाही. नवरीने डोळे खाली ठेवायचे असतात."

"मग पाचवा का घातलास?"

खोटं बोलायचं म्हटलं तर जिभेची थोडी जागा अजून नांगरायची राहिलीच होती. पण त्याच्याशी आणखी खोटं बोलायला मन होईना.

"चारावर थांबले असते तर तुम्ही राजे झाला असता," ती म्हणाली. "मग तुम्हाला त्यांनी नेलं असतं. मला तुम्ही घरी हवे होतात."

तो वळला. काही बोलेल असं वाटलं, पण त्याने नुसता तिचा पाय हातात घेतला आणि सुजलेल्या गुडघ्यावर आपला गार, पांढरा तळवा ठेवला.

"दुखतंय?"

"खूप. तुमचे?"

"निम्मे," तो म्हणाला, आणि दोघंही इतक्या मोठ्याने हसली की गाढव आपणहून चालू लागलं.