धोंडाबाईच्या बोटाचं दीड पेर

मोबाईलनं तुमचं नाव घेतलं तर पोरगी देतो, असं धनाजीमामा म्हणाले. न्हाई घेतलं तर पोहे खाऊन झालेच हायत.

हे उत्रोलीत झालं, त्यांच्या ओसरीवर. बघायचा कार्यक्रम होता. मी मार्गासनीचा स्वरूप. वय सांगत नाही, पण ज्या वयात पोरांना स्थळं यायची बंद होतात त्याच्या अगदी जवळ आलोय. घरचा इंद्रायणी तांदूळ आहे. तो विकायला 'मार्गासनीचा तांदूळ' नावाची वेबसाइट काढलीय. कुणी शिकवलं नाही, म्हशी राखताना मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकलो.

मामांनी विचारलं, "पाव्हणं, करता काय तुमी?"

मी खरं ते सांगितलं. "मामा, लोकं मोबाईलला काहीतरी विचारतात ना, तेव्हा सगळ्यात वर एक चौकट येते. तिच्यात उत्तर असतं. खाली ढिगानं वेबसाइटी असतात, पण तिथपर्यंत कुणी जात नाही. त्या चौकटीत आपलं उत्तर यावं म्हणून मी लिहितो."

"म्हंजे नोकरी न्हाई."

"न्हाई."

"चौकटीत बसायचं काम."

"मी न्हाई बसत, मामा. उत्तर बसतं."

मामांनी पानाला चुना लावला. मग मोबाईल तोंडापुढं धरला आणि बैलाला हाक मारावी तसे ओरडले, "इंद्रायणीच्या भाताला पाणी किती घालायचं?"

मोबाईलनं कुठल्यातरी वेबसाइटचं नाव घेतलं आणि भाताचा इतिहास सांगायला लागला.

"ह्ये बघा," मामा म्हणाले. "आमच्यात रोज ह्याच्यावरनं भांडान असतंय. सुपारी फोडायच्या दिवशी सगळ्या भावकीम्होरं म्या ह्योच प्रश्न इचारनार. वर ज्याचं नाव, त्याला पोरगी. शब्द म्हंजे शब्द."

माझ्यासोबत आलेली धोंडाबाई, म्हणजे माझी चुलत आजी, पोह्यातली मिरची बाजूला काढत म्हणाली, "आन मोबाईल बंद पडला तर?"

"तर चार्जिंगला लावू," मामा म्हणाले.

मग आम्हा दोघांना बोलायला म्हणून गोठ्याकडं पाठवलं. मामांची पोरगी, अश्विनी, खांबाला टेकून उभी. मी लई घाबरलेलो. ती म्हणाली, "त्या चौकटीत जायचं कसं पण?"

झालं. मी सुटलो. प्रश्न लोकं बोलतात तसाच वर लिहायचा. खाली पहिल्याच ओळीत उत्तर. चाळीसेक शब्दांत संपवायचं. आपलं बालपण, पाऊस, आईच्या हातची चव, हे सगळं नंतर. लोकं आधी बालपण लिहितात आणि पाणी किती ते पार खाली, दातांच्या जाहिरातीच्या पण खाली. तिथंच मार खातात.

तेवढ्यात आत बोलावलं. तिला काय आवडतं, काय नाही, काहीच विचारायचं राहिलं. येताना धोंडाबाई म्हणाली, "काय बोल्लास रं एवढं?" मी म्हटलं, "चौकटीबद्दल." तिनं एसटी येईपर्यंत माझ्याकडं बघितलं नाही.

घरी आल्यावर लिहायला बसलो. प्रश्न वर टाकला. आता उत्तर पाहिजे. आमच्याकडं भाताचं उत्तर म्हणजे धोंडाबाई. गावात लग्न असो, बारसं असो, चुलवाणावर पातेलं चढलं की तिला बोलावणं जातं. ती येते, तांदळावर बोट टेकवते आणि वरचं पाणी बघते. दीड पेर आलं की म्हणते, "लावा जाळ." भात कधी बिघडत नाही.

मी तिला विचारलं, "आजे, पाणी किती?"

"माझ्या बोटाचं दीड पेर."

मी तसंच लिहिलं. 'इंद्रायणीच्या भाताला तांदळाच्या वर धोंडाबाईच्या बोटाचं दीड पेर पाणी घालावं.' खाली धुवायचं कसं, झाकण कधी ठेवायचं. अगदी मापात बसलं.

आता एक गोष्ट. धोंडाबाईच्या त्या बोटाला शेंडा नाही. तरुणपणी भात कापताना विळा लागला आणि वरचं अर्धं पेर गेलं. म्हणजे तिचं दीड पेर हे बाकीच्यांचं एकच. हे मार्गासनीत शाळेतल्या पोराला पण माहीत आहे. म्हणून मी लिहिलं नाही. माहीत असलेलं कशाला लिहायचं?

पंधरवड्यात चौकट माझी झाली. भोरला एसटी स्टँडसमोर माझा मित्र अल्ताफचं मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे. त्याच्या दुकानात आम्ही तो प्रश्न विचारत बसलो. मोबाईल म्हणायचा, "मार्गासनीचा तांदूळ या वेबसाइटनुसार, धोंडाबाईच्या बोटाचं दीड पेर." आम्ही परत विचारायचो. परत तेच. गिऱ्हाईकं बघायला लागली.

"भावा, तुझं लग्न झालं समज," अल्ताफ म्हणाला.

आणि फोन चालू झाले.

पहिला नाशिकवरनं. एक बाई रडकुंडीला आलेल्या. "अहो, पेज झाली सगळी. माझं बोट चुकतंय का?" दुसरा लातूरचा. "धोंडाबाई हे माप इंग्रजांच्या काळातलं का आधीचं?" एकानं विचारलं की डावखुऱ्या लोकांनी कुठलं बोट घ्यायचं. मी सगळ्यांना नीट सांगायचो की बोट शेंड्याला तुटलेलं आहे. समोरचा विचारायचा, "मग आम्हीपण...?" मी म्हणायचो, "न्हाई न्हाई न्हाई!"

पान बदलायला पाहिजे होतं, कळत होतं मला. पण खरं सांगतो, हात धजला नाही. चौकट लई नाजूक असते. एक शब्द हलवला की जाते कधी कधी. आणि तिच्यावर माझं लग्न टांगलेलं.

मग माणसं गावात यायला लागली. पुण्यातनं एक जण गाडी घेऊन आला, कंपनीत असतो म्हणे. बोट मोजायचं बारीक यंत्र बरोबर. धोंडाबाई गोवऱ्या थापत होती. तो म्हणाला, "आजी, जरा हात धुता का?" ती म्हणाली, "तू कोन डाक्टर हायस?" तरी तिनं हात धुतला. तिला आवडायला लागलं होतं.

आठवड्याभरात तिनं त्या बोटाला काम सांगायचं बंद केलं. त्याच्यावर स्वच्छ फडकं गुंडाळलं. भाकरी बाकीच्या बोटांनी थापायची. शेजारच्या रत्नाकाकी भाताला पाणी बघायला बोलवायला आल्या तर म्हणाली, "रोजच्या भाताला न्हाई काढनार म्या ह्ये. परगावची लोकं येत्यात त्याच्यासाठी."

"आवो आत्याबाई, तुमचंच बोट हाय ना?" काकी म्हणाल्या.

"माझं व्हतं," धोंडाबाई म्हणाली.

अल्ताफनं तेवढ्यात सुताराकडनं लाकडी बोटं करून घेतली. शेंडा कापलेली, पेराच्या खुणा असलेली. काचेच्या कपाटात मोबाईलच्या कव्हरांशेजारी मांडली. पाटी: अस्सल धोंडाबाई. मी म्हटलं, "अरे, हे काय?" तो म्हणाला, "तू उत्तर दिलंस, मी माल देतोय. लोकांनी काय तोडायची का बोटं?"

त्या लाकडी बोटांमुळं साहेब आला. वजनमापं तपासणारा. म्हणाला, शिक्का नसलेलं माप वापरता येत नाही. अल्ताफनं सरळ मार्गासनीचं नाव सांगितलं, की मूळ माप तिकडं आहे. साहेब मार्गासनीत आला. धोंडाबाईनं फडकं सोडलं आणि बोट पुढं केलं.

साहेबानं सगळीकडनं बघितलं. "ह्याची झीज होते का?"

"थंडीत भेगा पडत्यात."

"मग दरवर्षी तपासावं लागेल. तोवर नखं काढायची नाहीत."

"नख हाय कुठं त्याला?" धोंडाबाई म्हणाली.

साहेबानं पेटीतनं जांभळी शाई काढली आणि पेरावर शिक्का मारला. चहा प्यायला, गेला. धोंडाबाई दारात उभी राहून जाणाऱ्यायेणाऱ्याला ते बोट दाखवत होती. हात धुवायला तयार नव्हती.

ह्या गडबडीत मी एक चूक केली. फोन घेता घेता चौकट बघायचीच सोडली. माझीच आहे म्हणून धरून चाललो.

सुपारीचा दिवस उजाडला. टेम्पोत आमची भावकी, पुढं ड्रायव्हरशेजारी धोंडाबाई, बोट वर धरून. अल्ताफपण होता. उत्रोलीत मांडव. मागं चुलवाणावर पातेलं मांडलेलं, तांदूळ धुवून ठेवलेला. मामांनी मला बघितलं आणि लांबूनच म्हणाले, "या पाव्हणं! तुमचा भात खाऊन खाऊन पोटं बिघडली आमची, पन सोडला न्हाई!"

मला कळेना.

सगळे बसले. मामांनी मोबाईल भावकीला दाखवला, चार्जिंग दाखवलं, आणि ओरडले, "इंद्रायणीच्या भाताला पाणी किती घालायचं?"

मोबाईल म्हणाला, "उत्रोलीच्या अश्विनी यांच्यानुसार, तांदूळ नवा असेल तर एका वाटीला दोन वाट्या पाणी, जुना असेल तर अडीच. बोट घालू नये."

मामांनी परत विचारलं. परत तेच. बोट घालू नये.

अल्ताफ माझ्या कानात म्हणाला, "भावा, गेली." चौकट म्हणाला का पोरगी, ते मी विचारलं नाही.

मामा दाराकडं वळले. "अश्वे! ह्ये काय?"

अश्विनी बाहेर आली. नवी साडी. घाबरलेली अजिबात नव्हती. बापाला म्हणाली, "म्या लिवलंय. ह्यांनीच सांगितलं गोठ्यात, कसं लिवायचं ते. दादा, तुमी मला रोज ह्यांच्या उत्तरानं भात करायला लावला. रोज गिच्च गोळा. आन रोज मलाच बोलनं. मोबाईल चुकत न्हाई, तुझंच बोट चुकीचं हाय म्हनं! किती दिवस ऐकायचं?"

तिनं हात वर करून बोटं दाखवली. लांब, सरळ, शेंड्यासकट. भावकीनं बघितली. चुकीची कुणालाच दिसली नाहीत.

"म्हंजे पाव्हण्याचं नाव न्हाई आलं," एक म्हातारे म्हणाले.

"न्हाई आलं," मामा म्हणाले. घाम पुसला. "पन शब्द म्हंजे शब्द. वर ज्याचं नाव, त्याला पोरगी."

"वर पोरीचंच नाव हाय की."

"व्हय."

"मग पोरगी पोरीलाच द्यायची का?"

भावकीत चर्चा सुरू झाली. खरंच सुरू झाली. कुणी म्हणालं असं कधी झालं नाही. कुणी म्हणालं शब्द मोडला तर परत कोण विश्वास ठेवील? धोंडाबाई म्हणाली, "द्या की. घरातलंच स्थळ हाय, शिकलेलं हाय, हुंडा न्हाई मागायचं."

शेवटी मामांनी हातातली सुपारी अश्विनीच्या हातात ठेवली. "घे. तू तुझी. आता तुझं तू ठरव."



अश्विनीनं सुपारी मुठीत धरली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "एक प्रश्न इचारते. माझ्याशीच लगीन का करायचंय?"

मी उठलो. "मी बारावीला असताना, म्हणजे तेव्हा आमच्याकडं लाईट..."

"ते खाली," ती म्हणाली. "वर उत्तर."

मागनं अल्ताफ पुटपुटला, "पहिली ओळ, भावा, पहिली ओळ."

मी डोळे मिटले. "मी काय करतो हे सगळे विचारतात. कसं करतो हे फक्त तुमी विचारलंत. मी गोठ्यात उभ्या उभ्या सांगितलं, तुमी ते माझ्याहून चांगलं केलंत. मला तुमच्याकडनं शिकायचंय. आणि माझ्या उत्तरामुळं तुमाला बोलणी बसली, ते मला आवडलं न्हाई."

डोळे उघडले तर ती अंगठा पेरांवरनं सरकवत शब्द मोजत होती.

"मापात बसलं," ती म्हणाली. "पन ते पान आज बदलायचं. आत्ता. ह्या मांडवात बसून."

मी तिथंच खुर्चीत बसून बदललं. लिहिलं की हे उत्तर चुकलं होतं, बरोबर उत्तर उत्रोलीला आहे, आणि खाली तिच्या पानाचा रस्ता दिला. व्हिडिओवाले म्हणतात असं कधी करू नये. तिनं वाचलं, एक शब्द सुधारला, मग मूठ उघडून सुपारी माझ्या हातात दिली. कुणी फोडायची हे भावकीला ठरवता येईना, म्हणून दोघांनी मिळून फोडली.

मागं चुलवाणापाशी आचारी थांबलेला. एवढ्या पातेल्याला वाट्या मोजायच्या तर संध्याकाळ झाली असती. धोंडाबाई उठली, फडकं सोडलं, आणि शिक्क्यासकट बोट पाण्यात घातलं. सगळ्यांनी अश्विनीकडं बघितलं.

"त्यांचं चालतंय," अश्विनी म्हणाली. "त्यांचं बरोबर हाय. बाकीच्यांनी घालू नये."

शाई पाण्यात जरा उतरली. भात चांगला झाला.

जेवणं झाल्यावर मामा एकटेच बाजूला जाऊन बसले. डोळे ओले होते. मोबाईल तोंडापुढं धरून हळूच विचारलं, "पोरगी सासरला गेल्यावर बापानं काय करायचं?"

मोबाईल थांबला. मग म्हणाला, ह्याबद्दल काही सापडलं नाही.

अल्ताफनं मला कोपरानं ढोसलं. "भावा, ही चौकट मोकळी आहे."

मी खिशात हात घातला. अश्विनी माझ्या आधीच टाईप करत होती.