अवसेचं पाणी

समुद्र त्या सकाळी इतका मागे सरला होता, की एरवी उन्हाचं तोंड न पाहणारे खडक उघडे पडले होते. नणंद-भावजय दोघी त्यांच्यावर वाकून कालवं काढत होत्या. कामाची रीत ठरलेली: एकीने सुरीने शिंपला सोडवायचा, दुसरीने वेचता वेचता पाठीमागच्या, खडक आणि किनाऱ्यामधल्या घळीवर नजर ठेवायची. कारण भरती गाजावाजा करते समोर, पण माणसाला गाठते ती मागून, घळीतून, गुपचूप.

आज नजर ठेवायची पाळी भावजयीची. ती लांबच्या कोरड्या मुलखातून लग्न होऊन आलेली. पाणी चंद्र ओढतो, एवढं तिला नवऱ्याने सांगितलं होतं. आज तर अवस. आभाळात चंद्रच नाही. मग ओढणार कोण? टोपली भरत होती, जीव रमला होता, मान काही वळली नाही.

वळली तेव्हा घळ भरत आली होती.

"वन्सं..." तिने घळीकडे बोट केलं. "वन्सं, पाणी!"

नणंदेने पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. वन्संना घाबरलेलं भावजयीने कधी पाहिलं नव्हतं.

"डोळे काय घरी ठेवून आलीस?"

"अवस आहे ना... मला वाटलं, चंद्र नाही तर..."

"नाही कसा? दिसत नाही, एवढंच! सूर्याच्या बाजूला जाऊन बसलाय तो. दोघं मिळून ओढतायत. म्हणून तर एवढं मागे गेलं, आता तेवढंच वर चढणार. हात दे!"

नणंदेने टोपली डोक्यावर घेतली आणि दोघी घळीत उतरल्या. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला भिडलं. मध्यावर भावजयीचे पाय तळ सोडून तरंगले.

"मला पोहता येत नाही, वन्सं!"

"मला तरी कुठे येतंय! पाय मार!"

नणंदेने डोक्यावरची टोपली सोडून दिली आणि दोन्ही हातांनी तिचा दंड आवळला. खाऱ्या पाण्याने नाक भरलं, कान भरले. मग बोटांना वाळू लागली.

दोघी किनाऱ्यावर पालथ्या पडल्या. मागे खडकांचा मागमूस नव्हता.

"बस जरा," नणंद धापा टाकत म्हणाली. "आलो आपण."

भावजय उठली. तिची नजर ओल्या वाळूवरून हलत नव्हती.

"नाही, वन्सं. अजून वर चला. ते येतंय."

नणंद उठली आणि तिच्या मागोमाग चालू लागली.