आवाज न करणारा ट्रान्सफॉर्मर

"बाळाचं वजन करताय का?" ट्रान्सफॉर्मरच्या तारा गुंडाळून देणाऱ्या वाइंडरने मान वर न करता विचारलं.

लिफ्टवाला दोन हातांत दोन ट्रान्सफॉर्मर घेऊन दुकानाच्या पायरीवर उभा होता. डाव्या हातातला विटेएवढा, उजव्यातला साबणाच्या वडीएवढा. या आठवड्यातली ही चौथी खेप.

"मोठा जरा जास्तच मोठा वाटतोय," तो म्हणाला.

"मग छोटा न्या."

"छोटा जरा..."

"छोटा वाटतोय. कळलं." वाइंडरने रिळावर तार गुंडाळायचं थांबवलं. "साहेब, गिटारचा अँप्लिफायर करताय, हत्तीचा नाही. छोटा पुरतो. मोठ्याने खालचे सूर जाड येतात, एवढंच."

"खालचेच पाहिजेत."

"मग मोठा न्या."

"पण वजन बघा ना."

वाइंडरने काही क्षण वरच्या पंख्याकडे बघितलं. "दोन्ही न्या. घरी लावून बघा, नको तो परत आणा. फक्त माझ्यासमोर विचार करू नका. मला गरगरतं."

लिफ्ट दुरुस्त करण्यात या माणसाची तीस वर्षं गेली होती. दोन मजल्यांच्या मध्ये लोक अडकलेत, आतून दार बडवतायत, आणि हा शांतपणे एकच वायर उचलायचा, तीच नेमकी बिघडलेली असायची. पण गेल्या महिन्यात कानाच्या डॉक्टरने त्याला एक आलेख दाखवला. "लोकांचे आधी वरचे सूर जातात. तुमचं उलटं आहे, खालून चाललंय." किती दिवस, ते डॉक्टरला सांगता येईना. "काही ऐकायचं राहिलं असेल तर ऐकून घ्या," तो म्हणाला, पानात उरलेलं संपवून टाका म्हणावं तसं.

राहिलं होतं एकच. विसाव्या वर्षी एका हॉलमध्ये त्याने जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरवर गिटारची सगळ्यात जाड तार ऐकली होती. खालची खुर्ची थरथरली होती. तसला अँप्लिफायर स्वतःच्या हाताने करायचा, हे तेव्हाच ठरलं. मग पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत चौतीस वर्षं गेली. आता घाई होती, आणि घाईने त्याला काही सुचेनासं झालं होतं. डॉक्टरचं बायकोला सांगितलं नव्हतं. सर्दीने कानात दडे बसलेत, म्हणाला होता. सर्दी महिनाभर टिकली होती.

रविवारी सकाळी त्याने जेवणाच्या टेबलावर संसार मांडला.

"अहो, माझा केकचा ट्रे कुठंय?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"इथंय. जरा भोकं पडलीत त्याला."

"पडलीत? आपोआप?"

"पाच मी पाडली. सहा चुकून."

ती दारात येऊन ट्रेकडे बघत राहिली. "बरंय. आता पीठ चाळायला होईल," म्हणून आत गेली.

अँप्लिफायरचा तळ म्हणून घेतलेल्या या ट्रेवर दोन ट्रान्सफॉर्मर बसवायचे होते. एक वीज देणारा, तो आधीच बसला होता; दुसरा स्पीकरला आवाज पोचवणारा, त्याचंच मोठा की छोटा ठरत नव्हतं. ते नको तसे शेजारी बसले की पहिल्याची खालच्या सुरातली गुणगुण दुसऱ्यात शिरते आणि मरेस्तोवर जात नाही. म्हणून जुने लोक एक युक्ती करतात. पहिला चालू करायचा, दुसऱ्याला हेडफोन जोडायचा, आणि कानाने ऐकत दुसरा फिरवत राहायचं. गुणगुण सगळ्यात कमी होते तिथे स्क्रू मारायचा.

त्याने मोठा फिरवला. गुणगुण नाही. आडवा केला, उभा केला, उलटा केला. नाही. छोटा लावला. तोही गप्प. त्याने वाइंडरला फोन लावला.

"तुमचा माल अप्रतिम आहे हो. कसाही ठेवा, आवाजच नाही."

"वीजवाल्याला चिकटवून ठेवा बघू."

"चिकटवलाय."

"असं होत नसतं," वाइंडर म्हणाला. "माझा माल इतका चांगला नसतो. वायर निघाली असेल."

वायर निघाली नव्हती. तरी त्याने काढून परत जोडली. हेडफोन बदलला. टेबलाला दोन फेऱ्या मारल्या, बसला, उठला, पुन्हा मोठा लावला.

बायको ताटं घेऊन आली. टेबल मोकळं करायला तिने हेडफोन उचलला आणि सहज कानाला लावला. "केवढं घूं करतंय हे."

"कुठे?"

"हे काय. भुंगा शिरल्यासारखं."

त्याने हेडफोन घेऊन लावला. परत दिला. ट्रान्सफॉर्मर थोडा फिरवला. "आता?"

"वाढलं."

"आता?"

तिने हेडफोन कानावरून काढून खाली ठेवला. मग म्हणाली, "ही सर्दी नाहीये."

त्याने स्विच बंद केला.

"डॉक्टरकडे गेला होतात?"

"हो."

"कधी?"

"महिना झाला."

तिने ताटं उचलली आणि आत निघून गेली. नळ बराच वेळ वाहत होता. तो वायरी गुंडाळायला लागला. गुंडाळलेल्या सोडल्या, परत गुंडाळल्या.

ती हात पुसत बाहेर आली, खुर्ची ओढून बसली, अंबाडा सैल करून हेडफोन नीट बसवला.

"फिरवा. मी सांगते."

"कुठला लावू? छोटा बरा पडेल, हलका आहे, पण मोठ्याचं कसं..."

"जाड तार तुम्हाला कशात ऐकू येईल?"

"मोठ्यात. कदाचित. थोडे दिवस."

"मग त्यात विचार कसला करायचाय."

त्याने मोठा ठेवला. स्विच चालू केला.

"आहे," ती शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. "आहे. आहे. वाढलं. अहो, उलटं फिरवा."

त्याने उलटं फिरवलं, केसभर, आणखी केसभर. ती बोलायची थांबली. डोळे मिटून ऐकत राहिली. तो ट्रान्सफॉर्मरकडे बघतच नव्हता, तिच्या कपाळावरच्या आठीकडे बघत होता. आठी घट्ट झाली, जराशी सैल झाली, पुन्हा घट्ट. मग हळूहळू सुटत गेली.

पुरती सुटली तिथे त्याने हात थांबवला, आणि ट्रेवर स्क्रूंसाठी पेन्सिलीने चार खुणा केल्या.